टिकली लोंबकळत होती, त्या मताचं काय? फ्लोरिडा, २०००

ऑफिसात कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन असतं. ते उघडून उलटं केलं की टेबलभर कागदाच्या बारीक टिकल्या सांडतात. ज्यांनी ते रोज वापरलंय त्यांना हेही ठाऊक असेल की मशीन बोथट झालं किंवा कागद जाड असला की टिकली पूर्ण सुटत नाही, भोकाच्या एका कडेला लटकून राहते. आपण ती नखाने तोडतो आणि कामाला लागतो. नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात अशाच टिकल्यांपाशी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक येऊन अडकली आणि पाच आठवडे हलली नाही.

शेवटी नोंदला गेलेला निकाल असा: रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश २९,१२,७९०, डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर २९,१२,२५३. फरक ५३७ मतांचा. एकूण मतदान साठ लाखांच्या किंचित आत, म्हणजे साधारण अकरा हजार मतांमागे एका मताचा फरक. मुंबई वायव्य मतदारसंघात २०२४ ला रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले तेव्हा आपल्याकडेही मोजणीवरून चांगलीच जुंपली होती. पण तिथे प्रश्न एका खासदाराचा होता. फ्लोरिडात त्या ५३७ मतांवर व्हाइट हाउसची किल्ली होती.

हा निकाल समजून घ्यायचा तर ‘खरं कोण जिंकलं’ हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा, असं मला वाटतं. लाकडाच्या वखारीत मोठा काटा असतो. त्यावर ओंडके बिनचूक तोलले जातात, पाच-दहा किलो इकडे-तिकडे झाले तर कुणी भांडत नाही. आता त्याच काट्यावर कुणी सोन्याची अंगठी ठेवली तर? काटा खोटा नाही, वखारवालाही लबाड नाही. पण गुंज-माशाचा हिशेब त्या काट्यावर होतच नाही. फ्लोरिडाची मतदानयंत्रणा हा असा वखारीतला काटा होता. दोन-चार लाखांचं मताधिक्य असतं तर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. तशा टिकल्या आधीच्या निवडणुकांतही लोंबकळतच होत्या.

मुळात एका राज्याला एवढं महत्त्व का, हे आधी पाहू. अमेरिकेत प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या बेताने इलेक्टर, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी, मिळतात. देशभरात मिळून ५३८, आणि २७० हाती आले की राष्ट्राध्यक्षपद. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं वगळली तर बाकी सगळीकडे नियम असा की राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याच्या पदरात तिथले सगळे इलेक्टर. ७ नोव्हेंबरच्या मतदानात बाकीच्या राज्यांची बेरीज केली तर गोर यांचे २६७ होत होते, बुश यांचे २४६. एकाला तीन हवे होते, दुसऱ्याला चोवीस. आणि फ्लोरिडाच्या पोतडीत पंचवीस होते.

देशभरातल्या एकूण मतांत गोर ५ लाख ४३ हजारांच्या आसपास पुढे होते, पण त्या पुढे असण्याला कायद्यात किंमत शून्य. खरं तर फ्लोरिडाइतकीच अटीतटी न्यू मेक्सिकोतही झाली. तिथे गोर ३६६ मतांनी जिंकले, म्हणजे फरक फ्लोरिडापेक्षाही कमी. पण तिथले इलेक्टर पाच. त्यांनी चित्र बदलत नव्हतं, म्हणून त्या ३६६ मतांचं नाव कुणी काढलं नाही. आणि टेनेसी या स्वतःच्या राज्याने गोर यांना साथ दिली असती तर फ्लोरिडाकडे पाहायचीही गरज नव्हती. गाववाल्यांनीच हात दिला नाही.

फ्लोरिडात आणखी आठ उमेदवार उभे होते. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांनी ९७,४८८ मतं घेतली, त्यावरून डेमोक्रॅट मंडळी त्यांना आजही बोल लावतात. पण गंमत म्हणजे त्या आठांपैकी प्रत्येकाला ५३७ पेक्षा जास्त मतं होती. अगदी तळाच्या, सोशलिस्ट वर्कर्स पक्षाच्या उमेदवारालासुद्धा ५६२. फरक इतका बारीक असला की कशालाही कारण म्हणता येतं, आणि लोक आपल्या सोयीचं कारण उचलतात.

आता मोजणारे कोण? आपल्याला सवय एका निवडणूक आयोगाची. नाशिकची आणि नागपूरची यंत्रं एकसारखी, नियम एकसारखे, तक्रार करायचं दारही एकच. अमेरिकेत असा आयोग नाही. फ्लोरिडात ६७ काउंट्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, आणि प्रत्येक काउंटीचा आपला निवडणूक अधीक्षक. तो बहुतेक ठिकाणी स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला. मतपत्रिका कशी छापायची आणि कुठलं यंत्र घ्यायचं हे तिथे ठरणार. त्यामुळे २००० साली एकाच राज्यात काही काउंट्यांत भोकं पाडायची कार्डं होती, काहींत पेन्सिलने गोळा भरायचा आणि स्कॅनरने वाचायचा कागद होता. मार्टिन काउंटीत लिव्हर ओढायची जुनी यंत्रं होती आणि युनियन नावाच्या छोट्या काउंटीत चक्क हाताने मोजायच्या चिठ्ठ्या.

या सगळ्यावर राज्याचा शिक्का मारणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट होत्या कॅथरीन हॅरिस. त्या निवडून आलेल्या रिपब्लिकन, वर बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहप्रमुख. राज्याचे गव्हर्नर जेब बुश, उमेदवाराचे सख्खे भाऊ. राज्याचे ॲटर्नी जनरल बॉब बटरवर्थ मात्र गोर यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराचे प्रमुख. आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले बहुतेक न्यायाधीश डेमोक्रॅटिक गव्हर्नरांनी नेमलेले. थोडक्यात, मॅचमधले अंपायर दोन्ही संघांच्या ड्रेसिंग रूममधूनच आले होते आणि तिथल्या रीतीप्रमाणे त्यात बेकायदा काही नव्हतं.

भोकाचं कार्ड जरा जवळून पाहू, कारण सगळं रामायण तिथे आहे. मतदाराला एक लांबट, जाडसर कागदाचं कार्ड मिळायचं. त्यावर उमेदवाराचं नाव नाही, चिन्ह नाही. फक्त आकडे आणि प्रत्येक आकड्याशी आधीच कडेने अर्धवट कापून ठेवलेला इवलासा चौकोन. हे कार्ड एका चौकटीत सरकवायचं, वरच्या टोकाची दोन भोकं दोन खुंट्यांवर नीट बसवायची. चौकटीवर पुस्तिकेसारखी पानं असतात, नावं त्या पानांवर. नावासमोरच्या छिद्रातून एक टोकदार सळई खाली दाबली की चौकोन तुटून खाली पडतो. त्या चौकोनी टिकलीला इंग्रजीत चॅड म्हणतात. त्या वर्षी हा शब्द जगभर पोचला.

आता कार्ड खुंट्यांवर नीट बसलं नाही तर? सळई दाबायला हाताला जोर कमी पडला तर? किंवा आधीच्या निवडणुकांच्या टिकल्या साचून यंत्राचा तळ भरलेला असला आणि सळई पुरती आत गेलीच नाही तर? टिकली अर्धवट राहते. मोजणीचं यंत्र कार्डातून प्रकाश आरपार जातो का ते बघतं. टिकली फडफडत पुन्हा भोकावर बसली की यंत्राच्या लेखी ते कार्ड कोरं. तेच कार्ड दुसऱ्यांदा घातलं आणि तेवढ्यात टिकली गळून पडली की मत जन्माला येतं! म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच निकाल थोडा बदलत होता. मतदान केंद्रावर सूचना लावलेली होती की कार्ड काढल्यावर मागची बाजू बघा, लोंबणारे तुकडे असतील तर काढून टाका. किती जणांनी ती वाचली असेल? औषधाच्या पाकिटातला कागद आपल्यापैकी किती जण वाचतात?

पाम बीच काउंटीत याच्या जोडीला दुसरं संकट होतं. दहा उमेदवारांची नावं एकाच पानावर घ्यायची तर अक्षर बारीक होणार. तिथे निवृत्त वयस्कर माणसांची वस्ती मोठी. तेव्हा अधीक्षकांनी, त्या स्वतः डेमोक्रॅट, म्हाताऱ्यांना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं ठेवलं आणि नावं समोरासमोरच्या दोन पानांवर विभागली, मधोमध भोकांची एकच रांग. पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी दिसते म्हणून ती ‘बटरफ्लाय’ मतपत्रिका. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. पण मधल्या रांगेत पहिलं भोक बुश यांचं, दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन यांचं आणि तिसरं गोर यांचं. बाण छापलेले होते. तरी दुसऱ्या नावासाठी दुसरं भोक दाबावंसं वाटणं यात मूर्खपणा कसला?

परिणाम असा की कडव्या उजव्या विचारांच्या ब्यूकॅनन यांना पाम बीचमध्ये ३,४०० हून जास्त मतं मिळाली. शेजारच्या, त्याहून मोठ्या ब्रॉवर्ड आणि मायामी-डेड काउंट्यांत त्यांना हजारही मिळाली नव्हती. पाम बीचमध्ये ज्यू मतदार मोठ्या संख्येने. ब्यूकॅनन यांच्यावर त्या समाजाचा राग जुना. खुद्द ब्यूकॅनन यांनीच टीव्हीवर कबूल केलं की यातली बरीच मतं आपली नसावीत. काही मतदारांच्या चूक लक्षात आली, त्यांनी ब्यूकॅननचं भोक पाडल्यावर गोरचंही पाडलं. दोन भोकं म्हणजे मत बाद. अशी गोर-ब्यूकॅनन जोडीची कार्डंच पाच हजारांहून जास्त निघाली. ५३७ च्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. कुणाचं वाईट करायला नव्हे, वयस्करांची सोय करायला गेलेल्या बाईंकडून स्वतःच्याच पक्षाचं नुकसान झालं. ब्यूकॅनन यांना गेलेल्या मतांवर फेरमोजणीचा काही उपाय नव्हता. मत स्पष्ट होतं, फक्त चुकीच्या माणसाला होतं.

उत्तरेला डुवाल काउंटीत (जॅक्सनव्हिल शहर तिथलं) नावं एकामागून एक दोन पानांवर छापली होती आणि आधी वाटलेल्या नमुना मतपत्रिकेवर ‘प्रत्येक पानावर मत द्या’ अशी सूचना होती. सूचना पाळणाऱ्यांनी दोन्ही पानांवर एकेक भोक पाडलं. जवळपास २२ हजार मतं बाद.

पण मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते गॅड्सडेन काउंटीचं. फ्लोरिडातली कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेली ही एकच काउंटी, गरीब. तिथे टिकलीचा प्रश्नच नव्हता, पेन्सिलने गोळा भरायचा कागद होता. तरीही तिथली साधारण १२ टक्के मतं बाद झाली, राज्यात सर्वाधिक. शेजारची लिऑन काउंटी, राजधानी टॅलाहासी तिथे. तिथेही गोळा भरायचाच कागद, पण बाद मतं एक टक्क्याच्याही कितीतरी आत. फरक कशाचा? लिऑनमध्ये स्कॅनर मतदान केंद्रावरच होता. मतदाराने स्वतः कागद घालायचा. दोन गोळे भरलेले असले की यंत्र कागद परत बाहेर टाकायचं आणि माणूस नवीन कागद घेऊन चूक सुधारायचा. गॅड्सडेनमध्ये कागद पेटीत जमा व्हायचे आणि रात्री मुख्यालयात मोजले जायचे. चूक कळायची तेव्हा मतदार घरी झोपलेला. फ्लोरिडाची चर्चा टिकल्यांभोवती फिरत राहिली, पण एवढीशी साधी गोष्ट माझ्या मते टिकल्यांहून मोठी होती.

मतदानाच्या रात्रीचा तमाशा थोडक्यात. संध्याकाळी आठच्या सुमारास वृत्तवाहिन्यांनी फ्लोरिडा गोर यांना देऊन टाकलं. राज्याच्या पश्चिम टोकाची घड्याळं एक तास मागे असतात, तिथे अजून मतदान चालू होतं! दहाच्या सुमारास त्यांनी ते परत घेतलं. पहाटे सव्वादोनला फ्लोरिडा बुश यांना दिलं आणि त्याबरोबर राष्ट्राध्यक्षपदही. त्या वेळी व्होलुशिया काउंटीतून एका केंद्राचे आकडे आले होते त्यात गोर यांची मतं उणे १६,०२२ होती. हो, उणे. मेमरी कार्डाची चूक, लवकरच दुरुस्त झाली. पण तेवढ्या वेळात बुश यांची आघाडी फुगलेली दिसत होती. गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदन केलं, नॅशव्हिलमध्ये भर पावसात जमलेल्या समर्थकांसमोर पराभव मान्य करायला ते निघाले. वाटेत सहकाऱ्यांना निरोप आला की फरक झपाट्याने घटतोय. त्यांनी पुन्हा फोन करून अभिनंदन मागे घेतलं. दोघांमधलं ते दुसरं संभाषण फारसं गोड झालं नाही.

सकाळी फरक १,७८४ वर होता. फ्लोरिडाचा कायदा सांगायचा की अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक असेल तर यंत्राने आपोआप फेरमोजणी करायची. ती झाली आणि फरक तीनशेच्या आसपास आला. काही टिकल्या कुठेकुठे गळल्या असणार.

इथून पुढे वकील आले. कायद्याप्रमाणे उमेदवाराला हाताने मोजणी मागता यायची, पण ती काउंटी-काउंटीने. गोर यांनी चार ठिकाणी मागितली: व्होलुशिया, पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड. चारही त्यांच्या पक्षाची ताकद असलेल्या. ‘प्रत्येक मत मोजा’ ही त्यांची घोषणा आणि मागणी मात्र आपल्या वाड्यातल्या मतांपुरती. समोरची बाजूही काही कमी नव्हती. टिकलीच्या बाबतीत रिपब्लिकन म्हणत, नियम म्हणजे नियम, हेतू कसला शोधता? आणि परदेशातल्या सैनिकांची टपाली मतं, ज्यांतल्या काहींवर टपालाचा शिक्काच नव्हता, ती आली तेव्हा तेच म्हणू लागले की नियमावर बोट काय ठेवता, जवानाचा हेतू बघा. डेमोक्रॅट वकिलांनी दोन्हीकडे नेमकी उलट टोपी घातली. परदेशातली मतं मिळवल्यावर बुश यांची आघाडी ९३० झाली.

फ्लोरिडाच्या कायद्यात ‘मतदाराचा हेतू’ दिसला पाहिजे एवढंच होतं. आता कार्डावरच्या टिकलीत हेतू कसा बघायचा? टेबलाच्या एका बाजूला मोजणारे, मागे दोन्ही पक्षांचे निरीक्षक. अधिकारी कार्ड दिव्यासमोर धरतो, डोळे बारीक करतो. ब्रॉवर्डच्या एका न्यायाधीशांचा भिंगातून मोठा झालेला डोळा तर जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. टिकल्यांची बाराखडी तयार झाली. एका कोपऱ्यावर लोंबकळणारी, दोन कोपऱ्यांवर झुलणारी, तीन कोपऱ्यांनी धरून बसलेली. चारही कोपरे शाबूत पण दाब पडून फुगलेली असेल तर तिला सरळ ‘गर्भार’ म्हणत. लोंबकळणारी धरायची हे बहुतेकांना मान्य. फुगलेलीचं काय? सळई टेकवून माणसाने विचार बदलला, की जोर कमी पडला? पाम बीचच्या मोजणी मंडळाने मोजणी चालू असतानाच निकष एकापेक्षा जास्त वेळा बदलला. ब्रॉवर्डचा निकष सैल होता. म्हणजे तीच टिकली एका काउंटीत मत होती आणि शेजारच्या काउंटीत कचरा.

आपल्याकडे कागदी मतपत्रिकांचा जमाना आठवणाऱ्यांना यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल. शिक्का दोन नावांच्या मधल्या रेघेवर पडला की मोजणीच्या टेबलावर गलका व्हायचा. घडी घातल्यावर ओली शाई दुसऱ्या नावावर उमटायची. पण आपल्या बाणफुलीच्या शिक्क्याला दिशा होती, उलटा उमटलेला ठसा लगेच ओळखू यायचा. कुणीतरी हा विचार आधी करून ठेवला होता. फ्लोरिडात टिकलीचा विचार टिकली हातात आल्यावर सुरू झाला.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हातमोजणीची मुदत २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत वाढवून दिली. मायामी-डेडमध्ये २२ तारखेला मोजणी वेगळ्या खोलीत हलवायचं ठरलं तेव्हा बाहेर इस्त्रीच्या महागड्या शर्टांतले रिपब्लिकन कार्यकर्ते दारं बडवू लागले. त्यांतले बरेच वॉशिंग्टनहून आलेले. पत्रकारांनी त्या प्रकाराला महागड्या कपड्यांच्या एका दुकानाच्या नावावरून ‘ब्रूक्स ब्रदर्स दंगल’ म्हटलं. त्याच दिवशी मंडळाने वेळ पुरणार नाही असं सांगून मोजणीच थांबवली. पाम बीचने मधे थँक्सगिव्हिंगची सुट्टी घेतली आणि शेवटच्या दिवशी दोनेक तास कमी पडले. हॅरिस यांनी जास्तीचा वेळ नाकारला, पाम बीचची मोजणी बाजूला ठेवली आणि ५३७ या आकड्यावर सही केली. म्हणजे ज्या आकड्याला आपण ‘निकाल’ म्हणतो त्यात काही काउंट्यांची हातमोजणी आहे, काहींची अर्धवट सोडलेली, काहींची कधी झालीच नाही. त्याच आठवड्यात पाम बीचची मतपत्रिकांची खोकी भाड्याच्या पिवळ्या ट्रकमधून टॅलाहासीच्या कोर्टात नेली. वरून हेलिकॉप्टर, खाली पोलीस. एखाद्या मिरवणुकीसारखं ते दृश्य वाहिन्यांनी थेट दाखवलं. कोर्टाने ती खोकी उघडून मोजलीच नाहीत.

८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं: यंत्राला ज्यांत मत दिसलं नाही अशी राज्यभरातली सगळी कार्डं हाताने तपासा. ९ तारखेला सकाळी मोजणी सुरू झाली. दुपारी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ ने स्थगिती दिली. १२ डिसेंबरच्या रात्री दहाच्या सुमारास निकालपत्र आलं. बातमीदार थंडीत कोर्टाच्या पायऱ्यांवर उभे राहून कॅमेऱ्यासमोरच पानं उलटत होते, पहिली काही मिनिटं कोण जिंकलं हे कुणाला धड सांगता येईना. त्यातला गाभा दोन गोष्टींचा होता. पहिली: एकाच राज्यात टिकली मोजायचे निकष काउंटीगणिक वेगळे असतील तर मतदारांना समान वागणूक मिळत नाही. यात दोष आहे असं नऊपैकी सात न्यायाधीशांना वाटलं. दुसरी: मग एकच निकष घालून पुन्हा मोजायला वेळ द्यावा का? पाच जण म्हणाले, नाही. तेव्हाच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे राज्याने आपले वाद १२ डिसेंबरच्या आत मिटवले तर त्याच्या इलेक्टरांना पुढे संरक्षण मिळणार होतं, आणि १२ डिसेंबर संपायला दोन तास उरले होते. मोजणी ज्यांनी थांबवली त्यांनीच वेळ संपला म्हणावं, हे अनेकांच्या घशाखाली आजही उतरत नाही. माझ्याही नाही. शिवाय निकष वेगळे असणं हा अन्याय असेल, तर गॅड्सडेन आणि लिऑनची यंत्रं वेगळी असणं काय होतं? तो प्रश्न वाढू नये म्हणूनच बहुधा, हा विचार या खटल्यापुरताच असल्याचं न्यायालयाने निकालपत्रात लिहून ठेवलं.

१३ डिसेंबरला गोर यांनी पराभव मान्य केला. बुश २७१, गोर २६६. राजधानीच्या एका इलेक्टर बाईंनी निषेध म्हणून कोरी मतपत्रिका टाकली, त्यामुळे एक कमी. ६ जानेवारी २००१ ला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संयुक्त बैठकीत इलेक्टरांची मतं मोजली गेली तेव्हा अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने स्वतः गोर होते. त्यांच्याच पक्षाचे कृष्णवर्णीय प्रतिनिधी एकामागून एक उठून फ्लोरिडाच्या मतांवर हरकत घेत होते. हरकतीवर तेव्हा एका तरी सिनेटरची सही लागायची, ती एकावरही नव्हती. गोर यांनी हातोडा आपटून आपल्या बाजूच्या हरकती स्वतः फेटाळल्या.

मग सगळं मोजलं असतं तर? वर्तमानपत्रांच्या एका गटाने शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेकडून १,७५,०१० बाद आणि कोरी कार्डं एकेक करून तपासून घेतली. अहवाल नोव्हेंबर २००१ मध्ये आला, तेव्हा देशाचं लक्ष अकरा सप्टेंबरवर होतं, त्यामुळे तो फारसा गाजला नाही. निष्कर्ष मात्र दोन्ही पक्षांची पंचाईत करणारा. गोर यांनी मागितली तशी चार काउंट्यांची मोजणी पूर्ण झाली असती तरी बुश जिंकले असते. राज्याच्या न्यायालयाने सांगितलेली, फक्त कोऱ्या कार्डांची राज्यभर मोजणी झाली असती तरी बहुधा बुशच. पण राज्यातली सगळी कोरी आणि सगळी बाद मतं तपासली असती, तर निकषाप्रमाणे ६० ते १७१ मतांनी गोर जिंकले असते. कारण बाद मतांत अशी कार्डं होती ज्यांत मतदाराने गोर यांच्या नावापुढे खूण करून खाली मोकळ्या जागेत पुन्हा ‘गोर’ असं लिहिलं होतं. यंत्राला ती दोन मतं वाटली. हेतू कोणत्याही शाळकरी पोराला कळला असता. आणि बाद मतांची मोजणी गोर यांच्या वकिलांनी कधी मागितलीच नाही.

फ्लोरिडाने २००१ मध्ये भोकांच्या कार्डांवर बंदी घातली, २००२ च्या केंद्रीय कायद्याने इतर राज्यांनाही जुनी यंत्रं मोडीत काढायला पैसे दिले. मोठ्या काउंट्यांनी टिकल्यांचा धसका घेऊन बिनकागदी टचस्क्रीन आणले. २००६ मध्ये कॅथरीन हॅरिस यांनी सोडलेल्या लोकप्रतिनिधीगृहाच्या जागेसाठी निवडणूक झाली. सारासोटा काउंटीत टचस्क्रीनवर १८ हजारांच्या आसपास मतदारांचं त्या लढतीतलं मत कोरं निघालं. मोजायला कागद नव्हता, दिव्यासमोर धरायला टिकलीसुद्धा नव्हती. मताधिक्य होतं ३६९, आणि विजयी उमेदवाराचं आडनाव पुन्हा ब्यूकॅनन, अर्थात हे वेगळे, व्हर्न ब्यूकॅनन. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाने कायदा करून टचस्क्रीन काढले आणि गोळे भरायचा कागद आणला. स्कॅनर मतदान केंद्रावरच ठेवला. लिऑन काउंटीत होता तसा.